बोट चालवताना ‘थोडीशी’ चालते का?

दर्याची विचारपूस : वाचकांचे प्रश्न, सारंगकाकांची उत्तरं

(गेटवे-घारापुरी आणि गेटवे-मांडवा मार्गावर लाँच चालवून निवृत्त झालेले आमचे सारंगकाका बोट, भरती-ओहोटी आणि दर्यावरच्या एकूण व्यवहाराबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळची पाच पत्रं एकाच विषयाच्या आसपासची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही तिघा मित्रांनी मिळून बावीस फुटी फायबरची सेकंडहँड बोट घेतली आहे. मागे ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन आहे. बोट मांडव्याच्या बाजूला असते. शनिवारी खांदेरीकडे गळ टाकायला जातो, कधी संध्याकाळी गेटवेपर्यंत चक्कर मारतो. बोट माझा मेहुणा चालवतो. हात चांगला आहे त्याचा. पण बर्फाच्या डब्यात बिअर असतेच आणि घेणाऱ्यांत तोही असतो. त्याचं म्हणणं, ‘समुद्रात नाकाबंदी नाही, सिग्नल नाही, समोरून ट्रक येत नाही. दोन बिअर म्हणजे पाणीच.’ परवा बायकोने सांगून टाकलं, मुलांना बोटीवर पाठवणार नाही. कायद्याने हे चालतं का? आणि कायदा बाजूला ठेवला तर तुम्ही काय म्हणाल? – एक वाचक, ठाणे

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे. उत्तर इथेच संपलं असतं, पण तेवढ्याने तुमच्या मेहुण्यांना पटायचं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझं सांगतो, नाहीतर मला कोणी माळकरी समजायचं. मी कोळी माणूस. आमच्याकडे हळद कोरडी जात नाही. मीही घेतो. बोट बांधली, दोर वळले, चावी खिशात गेली, की मग घेतो. पण सकाळी सुकाणू धरायचं असेल तर आदल्या रात्रीपासून नाही. माझ्या हाताखाली जे खलाशी तयार झाले त्यांनाही हाच नियम होता, आणि त्यातल्या एकदोघांनी मला त्यावरून पाठीमागे भरपूर शिव्या दिल्या, हेही मला ठाऊक आहे.

आता ‘दोन बिअर म्हणजे पाणीच’. मेहुण्यांना बाटली फिरवून लेबल वाचायला सांगा. ६५० मिलीची स्ट्राँग बिअर असेल तर त्यावर आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असल्याचं छापलेलं असतं. आठ टक्के धरले तर एका बाटलीत ५२ मिली निव्वळ अल्कोहोल. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. तिच्या साठच्या पेगमध्ये साधारण २६ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बिअर बरोबर दोन साठचे पेग, आणि दोन बिअर बरोबर चार. क्वार्टर आणि वर एक पेग पोटात घालून बोट चालवतोय, असं कोणी म्हणालं तर तुम्ही त्या बोटीत पाय ठेवाल का? बिअरचं नाव घेतलं की माणूस हिशेबच सोडून देतो. माइल्ड बिअर पाच टक्क्यांची असली तरी दोन बाटल्यांत अडीच पेग होतात. आणि शरीर हे सगळं तासाला आठ-दहा ग्रॅमच्या वेगाने बाहेर काढतं. त्याला लिंबूपाणी, काळी कॉफी, अंगावर समुद्राचं पाणी, कशानेही घाई होत नाही. दोन स्ट्राँग बिअरमध्ये ऐंशी ग्रॅमच्या वर अल्कोहोल असतं. दुपारी एकला सुरुवात केली तर पूर्ण उतरायला रात्रीचे नऊ ते अकरा वाजतात, आणि तुम्ही तर संध्याकाळीच परतायला निघत असणार.

कायद्याचं म्हणाल तर मेहुण्यांनी अर्धवट ऐकलेलं आहे. रस्त्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहे, शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. हे कलम गाडीसाठी आहे, बोटीसाठी नाही, इथपर्यंत त्यांचं खरं. पण भारतीय न्याय संहितेत कलम २८२ खास बोटीसाठीच आहे. बेदरकारपणे किंवा हयगयीने बोट चालवून कोणाच्या जिवाला धोका निर्माण केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८० होतं आणि दंड एक हजार होता. इथे तीस-चाळीस असा आकडा लागतच नाही. अपघात झाला, बोटीत रिकाम्या बाटल्या सापडल्या, डॉक्टरने वास आल्याचं लिहिलं, की हयगय सिद्ध करायला सरकारी वकिलाला फार घाम गाळावा लागत नाही. कोणी दगावलं तर कलम १०६, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. प्यायला परवाना लागतो, आणि बिअरला एकवीस व कडक दारूला पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. किनारा सोडला म्हणून महाराष्ट्र सुटत नाही.

व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांसाठी मात्र आकडा आहे. खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराला २०१० साली मनिला इथे झालेल्या दुरुस्त्यांनी तो ठरला आणि १ जानेवारी २०१२ पासून लागू झाला : रक्तात ०.०५ टक्के, श्वासात लिटरमागे पाव मिलिग्रॅम. ही वरची मर्यादा. पुष्कळ कंपन्या जहाजावर थेंबही चालू देत नाहीत. अमेरिकेत हौशी बोटवाल्यांनाही ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि तिथल्या तटरक्षक दलाच्या आकडेवारीत जीवघेण्या बोट-अपघातांचं जे कारण कळू शकतं त्यात दारू सगळ्यात वर असते. त्यांच्याकडेही समुद्रात सिग्नल नाहीत.

‘नाकाबंदी नाही’ हे मात्र ऐकून हसू आलं. २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईच्या पाण्यात सागरी पोलीस, कस्टम, तटरक्षक दल, नौदल, सगळे फिरतात. आमच्या पोरांना मासेमारीला जाताना ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. तुमची बोट अजून कोणी थांबवली नसेल, तर ते नशीब.

आता दर्याकडे वळू. मला बोलायचंय ते खरं यावरच. सिग्नल नाही, ट्रक नाही, हे मेहुण्यांना सोयीचं वाटतं. मला उलट वाटतं. रस्त्यावर ब्रेक आहे, बोटीला ब्रेक नाही. रस्त्याला कडा आहे, दुभाजक आहे, मागून कोणीतरी हॉर्न मारून जागं करतो. दर्यावर तुमची चूक तुम्हाला सांगायला कोणी येत नाही. वीस नॉटवर बोट सेकंदाला दहा मीटर कापते. दोन बिअरनंतर डोळ्यांनी पाहिलेलं हातापर्यंत पोचायला एक सेकंद जास्त लागला, तर बोटीच्या लांबीपेक्षा जास्त पाणी मागे गेलेलं असतं. आणि पाण्यात तरंगणारी जाळ्याची दोरी, ओंडका, निळा प्लास्टिकचा पिंप, हे पन्नास मीटरवर आल्याशिवाय दिसतही नाहीत.

त्यात न पिताही दर्यावर माणूस दमतो. चार तास डोक्यावर ऊन, पाण्यावरची तिरीप डोळ्यांत, कानात वारा, पायाखाली इंजिनाचा थरथराट, आणि उभं राहायचं म्हटलं तरी अंगातला प्रत्येक स्नायू सतत तोल सावरतोय. संध्याकाळी धक्क्यावर उतरल्यावरही जमीन हलतेय असं वाटतं, ते हेच. अशा शरीरात बिअर ओतली की घरच्या गच्चीवरची दोन आणि खांदेरीपाशी घेतलेली दोन यांत फार फरक पडतो. हात चांगला आहे म्हणता. असेल. पण तो हात पाहिलाय तो शांत पाण्यात, दिवसाउजेडी.

संध्याकाळच्या त्या गेटवेपर्यंतच्या चकरेचं बघा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. मांडव्याहून गेटवेकडे येताना समोर कुलाब्यापासून माझगावपर्यंत नुसते दिवे. त्यातला कुठला इमारतीचा, कुठला नांगरलेल्या जहाजाचा आणि कुठला चालत्या जहाजाचा, हे निवडायचं असतं. बोटीला डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा. तुमच्या उजव्या हाताला लाल दिवा दिसला की समजायचं, ती बोट तुमच्या समोरून डावीकडे चाललीये आणि वाट तुम्ही द्यायची आहे. प्यायलेल्या डोळ्याला लाल-हिरव्यातला फरक उशिरा कळतो, आणि कडेचं तर दिसेनासंच होतं. नवख्यांना मी एक खूण शिकवायचो. शहराच्या उजेडात जो दिवा मागच्या दिव्यांवरून सरकतोय, तो बाजूने जाणार. जो सरकत नाही, एकाच जागी राहतो आणि नुसता मोठा होत जातो, तो तुमच्यावर येतोय. न प्यायलेल्या माणसालाही हे ओळखायला मन लावून बघावं लागतं. प्यायलेल्याला वाटतं, दिवा उभा आहे, म्हणजे जहाज उभं आहे.

आणि ती जहाजं म्हणजे काय! न्हावाशेव्याला येणारी कंटेनरची जहाजं तीनशे मीटरपेक्षा लांब असतात. खोल पाण्याच्या ठरलेल्या वाटेतून बाहेर पडली तर ती गाळात बसतील, म्हणून ती वळत नाहीत. टक्कर टाळण्याचे जे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांतल्या नवव्या नियमानेच वीस मीटरपेक्षा लहान बोटीने अशा जहाजाची वाट अडवायची नाही. मेहुण्यांना हेही सांगा, की जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे ते चालवतात त्या खोलीतून, नाकासमोरचं पाचशे मीटरपर्यंतचं पाणी दिसलं नाही तरी ते जहाज नियमात बसतं. तुम्ही त्याच्या पुढ्यातून घुसलात तर तुम्ही त्याला दिसतच नसता. त्याने पाच आखूड भोंगे दिले तर समजा, तो विचारतोय की तुमच्या मनात आहे तरी काय.

एक गोष्ट सभ्य मासिकात छापावी की नाही, हे संपादकांनी ठरवावं. बिअर प्यायलेल्या माणसाला दर अर्ध्या तासाला लघवीला लागते. बावीस फुटी बोटीत संडास नसतो. मग गडी कडेला उभा राहतो, एका हाताने चेन उघडतो, दुसरा हात कशालाच धरलेला नसतो, बोट आडव्या लाटेवर डोलते. माणसं पाण्यात पडतात ती वादळातच असं नाही, अशीही पडतात. आणि तेव्हा सुकाणूवरचा माणूस शुद्धीत लागतो. कारण आता काय करायचं? ओरडायचं. हाताशी असेल ते तरंगणारं फेकायचं. एकाने नुसतं हाताचं बोट पडलेल्याच्या डोक्याकडे रोखून धरायचं आणि नजर हलवायची नाही, कारण दोन लाटांमागे नारळाएवढं डोकं क्षणात नाहीसं होतं. सुकाणू पडलेल्याच्याच बाजूला वळवायचं, म्हणजे बोटीचं शेपूट आणि पंखा त्याच्यापासून लांब जातो. मग वळून, वेग उतरवून, जवळ आल्यावर इंजिन न्यूट्रल. हे सगळं पहिल्या मिनिटात, एकही टप्पा न चुकवता. पाण्यातला माणूस प्यायलेला असेल तर त्याचं वेगळंच. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते तिला दारू फसवते. अंधारात पाण्याखाली गेला तर वर कुठे आणि खाली कुठे हेच त्याला कळत नाही, आणि चांगला पोहणारासुद्धा उलट दिशेला हातपाय मारतो.

नांगर टाकून प्यायलं तर, असं मेहुणे आता विचारतील. मलाही विचारून झालंय पुष्कळांचं. नांगर घसरतो. आपल्याकडे उधाणाला पाच मीटरच्या आसपास पाणी चढतं-उतरतं, दोर आखडतो किंवा सैल पडतो, बोट तोंड फिरवते, आणि थळसमोरचे खडक तुमच्या गप्पा संपायची वाट बघत नाहीत. नांगर उचलून बोट घरी आणू शकेल असा एक माणूस बोटीवर सतत हवा. लहान बोटीत मी तर दोन म्हणेन, कारण पहिला आजारी पडला, पाण्यात पडला, हात मोडून बसला, तर?

तेव्हा असं करा. शुक्रवारी रात्रीच ठरवा, उद्या बोट कोण आणणार. तो त्या रात्रीपासून बंद, आणि त्याला जोडीला एकजण बंद. चावी त्याच्याकडे. इंजिन बंद करणारी ती लाल गुंडाळीची दोरी असते ना, किल-स्विचची, ती त्याच्या मनगटाला, स्टेअरिंगला नव्हे. तुमच्या बोटीवर ती स्टेअरिंगलाच गुंडाळलेली असणार, पैजेवर सांगतो. तो पाण्यात पडला तर इंजिन थांबलं पाहिजे, नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. जॅकेट अंगात, सीटखाली नाही. फोनमध्ये दोन नंबर : तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. वायरलेस असेल तर चॅनेल सोळा. बर्फाचा डबा मांडव्याला ठेवा, परत आल्यावर बिअर जास्त थंड लागते. आणि मेहुण्यांना हे तुम्ही सांगू नका, वहिनींना सांगू द्या. त्यांचा सख्खा भाऊ आहे तो, बहिणीपुढे आवाज चढवणार नाही.

प्रश्न : काका, माझे मिस्टर मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत. बोट पहाटे चारला निघते. रात्री नऊला बसतात, क्वार्टर, कधी दीड क्वार्टर. झोपतात, उठतात, आंघोळ करून जातात आणि म्हणतात, रात्रीचं सगळं उतरलं. थंडीच्या दिवसांत बोटीवरही एक छोटी बाटली असते, ऊब येते म्हणतात. मला भीती वाटते. बोलले तर भांडण होतं. – एक वाचक भगिनी, वर्सोवा

उत्तर : बाय, तुझी भीती उगीच नाही. मघाचाच हिशेब पुन्हा मांडतो. क्वार्टरमध्ये साठ ग्रॅम अल्कोहोल, दीड क्वार्टरमध्ये नव्वद. तासाला आठ-दहा ग्रॅम. नऊला सुरुवात केली तर क्वार्टर उतरायला पहाटेचे तीन ते पाच वाजतात आणि दीड क्वार्टरला सकाळचे सहा ते आठ. म्हणजे चारला दोर सोडताना ते अर्धे रात्रीतच असतात. झोप झाली म्हणून डोकं हलकं वाटतं, पण रक्तातलं झोपेने लवकर जात नाही. आंघोळीनेही नाही.

उबेचं म्हणशील तर ती खोटी. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, आतलं गरम रक्त वर येतं, गाल आणि हात तापल्यासारखे वाटतात. पण तीच उष्णता वारा घेऊन जातो आणि आतून अंग गार पडतं. भिजलेल्या अंगावर जानेवारीची पहाट असेल तर जास्तच. ऊब हवी तर थर्मासमध्ये आल्याचा चहा दे, कानटोपी दे, एक कोरडा सदरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दे. डोलजाळं ओढताना कोरडा सदरा ही काय चैन असते, ते विचार त्यांना.

भांडण टाळायचं असेल तर दारूवर बोलू नकोस, खलाशांवर बोल. तांडेल हा बोटीवरचा शेवटचा शब्द. त्याने सांगितलं म्हणून पोरं वाकून दोर धरतात, विंच चालू असताना जाळ्याजवळ हात घालतात. त्या पोरांच्या आया तुझ्याच गल्लीत राहतात. बोट दुसऱ्याच्या मालकीची असेल तर नाखव्याच्या कानावर घाल. मुद्दाम वाकडं वाटेल, पण उद्या काही झालं तर विम्याच्या माणसाला सगळ्यात आधी त्यालाच उत्तर द्यावं लागणार आहे.

आणि ही गोष्ट नीट वाच. सकाळी घोट घेतल्याशिवाय त्यांचे हात थरथरतात का? घाम फुटतो का? तसं असेल तर ‘आजपासून बंद’ असं वचन घेऊन त्यांना चार-पाच दिवसांच्या फेरीला पाठवू नकोस. रोज पिणाऱ्या शरीराची दारू एकदम तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, आणि ते दोन दिवस किनाऱ्यापासून लांब गेले तर डॉक्टर कुठून आणणार? आधी दवाखाना. तुम्हाला कूपर जवळ पडेल. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते, तिथे दारू सोडवण्याची औषधं देतात, केसपेपरला फार पैसे पडत नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोट वर ओढलेली, जाळी विणायला घेतलेली, पहाटेची घाई नाही. उपचार सुरू करायला कोळीवाड्यात याहून चांगले दिवस मिळायचे नाहीत. फक्त आखाडाच्या शेवटी गटारी येते. त्या आठवड्यात त्यांना तुझ्या माहेरी घेऊन जा. माहेरही कोळीवाड्यात असेल तर मग सगळं व्यर्थ आहे, मावशीकडे पुण्याला ने.

प्रश्न : ‘रामदास’ बोट बुडाली ती गटारीच्या दिवशी. तेव्हा बोटीवरचे लोक प्यायलेले होते, असं लहानपणी आमच्या चाळीत बोलायचे. खरं का? – एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : दिवस बरोबर आहे. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघाली होती, सणाला गावी जाणारी माणसं ठासून भरलेली. काशाच्या खडकाजवळ पावसा-वाऱ्यात मोठी लाट आली, लोक घाबरून एका बाजूला धावले, बोट कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्याला दारू कशाला लागते? जुलैचा दर्या, दाटीवाटी आणि पुरेशी जॅकेटं नाहीत, एवढं पुरतं. चाळीत गटारीचं नाव आलं की बाटली आपोआप चिकटते. माझ्या आजीच्या नात्यातले लोक त्या बोटीत होते, आमच्या घरात त्या दिवशी आजही कोणी बसत नाही.

प्रश्न : ऑफिसच्या पार्टीसाठी आम्ही गेटवेहून दोन तासांची यॉट बुक केली आहे. आम्ही प्रवासी प्यायलो तर चालेल ना? मागच्या वेळी आमच्या मॅनेजरने कॅप्टनलाही आग्रहाने ग्लास दिला होता. – एक वाचक, दादर

उत्तर : प्रवाशांनी घेतली तर मी आडवा येणार नाही. परवाने आयोजकाकडे आहेत का ते बघा, वयाचं मघाशी लिहिलंय. कॅप्टनला ग्लास देणं मात्र आदरातिथ्य नव्हे. तुमच्या मॅनेजरने ओला-उबरच्या ड्रायव्हरला कधी पेग देऊ केलाय का? चढतानाच कॅप्टनच्या तोंडाला वास आला तर चढू नका, पैसे बुडाले तरी. निघाल्यावर लक्षात आलं तर भांडू नका, बाकीच्या खलाशांना सांगून बोट सावकाश परत आणायला लावा.

बोटीची नोंदणी आणि चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर. जॅकेटं मोजा, आणि पहिला ग्लास भरायच्या आधी अंगात घाला, कारण नंतर बकल लागत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची इंजिन-चाचणीवर असलेली स्पीडबोट धडकली. त्या लाँचवरच्या प्रवाशांचा काही दोष नव्हता, पण पाण्यात गेल्यावर ते कोण विचारतं? त्यानंतर गेटवेवर जॅकेटची सक्ती आली. तुमच्या फोटोंत ते केशरी रंगाचं दिसेल, दिसू द्या.

दारू पिऊन पोहायला उडी नको. आणि खरा धोका शेवटी आहे. गेटवेला बोटी एकीला एक लागून उभ्या असतात. तुम्हाला तुमच्या बोटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, मग शेवाळलेल्या पायरीवर असं उतरावं लागतं. दोन बोटींमधली फट कधी वीतभर, कधी हातभर, आणि मागून एखादी लाँच गेली की दोन्ही बोटी एकमेकींवर आदळतात. तिथे पाय गेला तर हाड राहत नाही. मधल्या दर्यात जे सांभाळून बसले ते इथे हातात चपला आणि फोन घेऊन उड्या मारतात. शेवटचा अर्धा तास ग्लास बंद ठेवा, हात मोकळे ठेवा, खलाशी हात देईल तेव्हाच पाय टाका. त्याला मनगटाला धरू द्या, बोटांना नाही.

प्रश्न : मला बोट लागते म्हणून मी अ‍ॅव्होमिन घेतो. त्यावर एक बिअर घेतली तर? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नको. त्या गोळीनेच झोप येते, बिअरने दुप्पट येईल. आणि सुकाणू तुमच्या हातात असणार असेल तर नुसती गोळीही नको. प्रवासी म्हणून जाणार असाल तर बोटीच्या मध्यावर बसा, तिथे सगळ्यात कमी हलतं. फोनमध्ये डोकं घालू नका, लांब क्षितिजाकडे बघा, डिझेलच्या धुरापासून दूर राहा, निघताना पोट अगदी रिकामं नको आणि मिसळीने भरलेलंही नको. एवढं करूनही उलटी आलीच, तर आधी वारा कुठून येतोय ते बघा आणि त्याच्या उलट बाजूच्या कडेला बसा. तुमच्या मागे बसलेल्यांचे आशीर्वाद मिळतील.